निळं मीठ

मे महिन्यात बार्सेलुश.
जूनमध्ये पोर्तो, जिथे लोक रात्रभर
एकमेकांच्या टाळक्यात प्लास्टिकचे हातोडे घालतात
आणि कुणी रागावत नाही.
मग ट्रक जाईल तसं, आर्मिंदो ठरवील तसं.
ऑगस्टात व्हियाना. सप्टेंबरात पोंते द लिमा.
एकतीस उन्हाळे असा देश फिरले मी,
आणि विचारलंत तर खरं सांगते,
काहीही पाहिलेलं नाही.

माझ्या वाट्याला आली ती प्रत्येक जत्रेची पाठ :
जनरेटर, वायरींची भेंडोळी,
आकाशपाळण्याच्या मालकाचं सदा आजारी कुत्रं,
टाकीमागे घाईघाईनं मोकळे होणारे बँडवाले.
आणि पुढ्यात खिडकी.
खिडकीत हात.

फार्तुरा म्हणजे तसं काही नाही.
पीठ, पाणी, मीठ.
नळीतून उकळत्या तेलात वेढ्यावर वेढा सोडायचा
बोटीवरचा दोर गुंडाळून ठेवावा तसा,
उलटायचा, कात्रीनं कापायचा,
साखर, दालचिनी, कागद,
पुढचा.

गावं मला वासावरून कळत नाहीत,
वास सगळीकडे एकच, माझाच.
गावं कळतात हातांवरून.
बार्सेलुशच्या नखांत कुंभाराची माती.
लिमाकाठचे हात द्राक्षांनी जांभळे.
व्हियानाच्या बायका सणाला पणजीचं सोनं घालतात,
पण साखर लागेल म्हणून
अंगठी आधी काढून दातांत धरतात.

यंदा व्हियानात रात्री दहाला रेग्युलेटर गेला.
आर्मिंदो शिव्या देत ब्रागाला निघाला, भाच्याकडे.
तेल गार पडलं.
हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.
एप्रनला पुसले. पुन्हा पुसले.
मग चालायला लागले,
जिकडून रोज नुसते ढोल ऐकू यायचे तिकडे.

कोळीवाड्यातली गल्ली
या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांवर बसलेली.
बायका, पोरी, एक पोलीससुद्धा, टोपी बाजूला काढून.
रंगवलेलं मीठ, बादल्याच्या बादल्या,
आणि दगडी रस्त्यावर होड्या, नांगर, जाळी,
माझ्या ट्रकएवढा एक मासा.

"उभी काय राहिलीस?" एक म्हातारी म्हणाली.
ओतीलिया तिचं नाव, ते मागाहून कळलं.
"गुडघे आहेत ना तुला?"
आहेत म्हटलं, पण दुखतात.
"इथे कुणाचे दुखत नाहीत?
शेपूट उरलंय. निळं घे."

मीठ माझ्या ओळखीचं.
जन्मभर चिमटीनं घातलं,
ओंजळीनं पहिल्यांदाच.
कड वाकडी गेली. ओतीलियानं पाहिलं,
काही बोलली नाही, फक्त
तळव्यानं जरा आत सारली.

"उद्या यावरून मिरवणूक जाणार?"
"मग? आपण काय भिंतीवर लावायला करतोय?"

पहाटे परतले तर आर्मिंदो टपावर बसलेला,
नवा रेग्युलेटर मांडीवर तान्ह्या पोरासारखा.
कुठे होतीस, विचारलं नाही.
माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं
आणि काडी ओढली.

दुपारी ढोल सुरू झाले.
मूर्ती निघाली असणार. पावलं पडत असणार
होड्यांवर, नांगरांवर.
मी पीठ सोडत होते.
रांग वाढत वाढत पाळण्यापर्यंत गेली.

चारच्या सुमाराला खिडकीत एक हात,
आठनऊ वर्षांचा.
सुटलेली नाडी बांधून नुकताच उठला असावा.
दोन युरोचं नाणं,
आणि नाण्याला, पेरांना, अंगठ्याच्या रेषांत
निळे कण.

"शेपूट," मी म्हणाले.
"काय?"
"काही नाही रे.
दालचिनी जास्त घालू?"